उजवा डोळा कुणाचा? चेहऱ्याच्या एका बाजूचा इतिहास

(ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली अडखळण आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली आहे.)

मागच्या भागात मी म्हणालो होतो की यावेळी आपण एका जुन्या फोटोपासून सुरुवात करू. फोटो आमच्या घरातलाच आहे. माझ्या आजोबांचा.

कृष्णधवल फोटो, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. त्यात आजोबा पस्तिशीचे असतील. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि चेहरा पूर्ण बाजूला वळलेला. म्हणजे आपल्याला त्यांची डावी बाजू दिसते. एक डोळा, एक कान, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत नाकाची ती एक सलग रेषा. आजोबा इचलकरंजीत माग चालवायचे. एकदा धोटा मागातून उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याला लागला. डोळा गेला. त्यानंतर त्यांनी समोरून फोटो काढू दिला नाही. लग्नाकार्यात ग्रुप फोटो असला की ते बरोबर त्याच वेळी जेवणाची व्यवस्था बघायला जायचे.

मग हा फोटो कसा निघाला? आजी सांगते, स्टुडिओवाल्याने डोळ्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाला, "दादा, जरा खिडकीकडं बघा." आणि आजोबांनी बघितलं.

तीन वर्षांपूर्वी आजोबा गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात दोनच फोटो होते. एक हा. दुसरा ओळखपत्रावरचा, ज्यासाठी त्यांना एका खिडकीपुढे काळा चष्मा काढून कॅमेऱ्याकडे सरळ बघायला लावलं होतं. नातेवाईकांचं मत पडलं की बाजूने काढलेला फोटो भिंतीवर बरा दिसत नाही, "अर्धाच चेहरा आहे." यावर मी एक उद्योग केला, तो शेवटी सांगतो. पण त्या उद्योगानंतर माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. अर्धा चेहरा दाखवायची ही पद्धत आली कुठून? आणि जी पोझ आमच्या आजोबांना मान देऊन गेली, तीच पोलीस ठाण्याच्या रेकॉर्डमध्ये कशी जाऊन बसली?

नाण्यावरचं नाक

फोटोच्या कितीतरी आधीपासून बाजूचा चेहरा म्हणजे राजाचा चेहरा. कारण साधं आहे. नाण्यावर उठाव जेमतेम असतो. समोरून चेहरा कोरला तर सगळ्यात वर येतं नाक, आणि नाणं हातोहात फिरलं की पहिल्यांदा झिजतं तेच. बाजूने कोरला तर नाक ही नुसती कडेची रेषा होते. नाणं झिजलं तरी माणूस ओळखू येतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, क्षत्रप राजा नहपान याची. त्यावर नहपानाचा बाजूने कोरलेला चेहरा. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नंतर आपली चिन्हं ठोकलेली आहेत. नहपानाचा पराभव झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरच नवा शिक्का बसला. पुढे सातवाहनांनीही स्वतःचे चेहरे असलेली चांदीची नाणी पाडली. तेही बाजूनेच.

आता थेट इटलीत जाऊ, पंधराव्या शतकात. अर्बिनो नावाच्या छोट्या राज्याचा शासक होता फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो. भाडोत्री सेनापती म्हणून गाजलेला माणूस. एका झुंजीच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकाराने त्याचं आणि त्याच्या बायकोचं जोडचित्र काढलं, ते आज फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. दोघं एकमेकांकडे बघतायत, दोघंही बाजूने. फेदेरिकोची आपल्याला दिसते ती डावी बाजू. गेलेला डोळा पलीकडे.

इथे घाई करून "डोळा लपवायला बाजूने काढलं" असं म्हणू नका हं. त्या काळात इटलीत जुन्या रोमन नाण्यांचं वेड होतं आणि बाजूने चित्र काढून घेणं ही मोठेपणाची रीतच होती. त्याच्या बायकोचे दोन्ही डोळे शाबूत होते, तीही बाजूनेच आहे. शिवाय चित्रकाराने बाकी काही लपवलेलं नाही. गालावरचे मस आहेत. नाकाच्या मुळाशी असलेली मोठी खाच तर आधी डोळ्यात भरते. म्हणजे चित्र खोटं नाही. कोणती बाजू पुढे करायची एवढंच ठरवलेलं आहे.

हे चित्र मी पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा बराच वेळ बघत बसलो. उजवा डोळा गेलेला, डावी बाजू आपल्याकडे. अर्बिनोचा सरदार आणि इचलकरंजीचा मागवाला, दोघांनाही आपापल्या कलाकाराने तसंच बसवलं होतं.

गरिबांचं पोर्ट्रेट

पण तैलचित्र सरदारांना परवडायचं. सामान्य माणसाचं काय? अठराव्या शतकात युरोपात याचं उत्तर निघालं, सावली. माणसाला बाजूने बसवायचं, एका बाजूला मेणबत्ती, दुसऱ्या बाजूला कागद. सावलीच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतला भाग काळा भरायचा. झालं पोर्ट्रेट. याला आपण आजही सिल्हूट म्हणतो, ते एत्येन द सिल्हूट या फ्रान्सच्या अर्थमंत्र्याच्या नावावरून. १७५९ साली तो मंत्री झाला आणि त्याची काटकसर इतकी बदनाम झाली की प्रत्येक स्वस्त गोष्टीला त्याचं नाव चिकटलं.

म्हणजे बघा, जी पोझ नाण्यावर राजाची होती ती मेणबत्तीच्या उजेडात कुणाचीही झाली. मला हा टप्पा फार आवडतो.

पण याच सावल्यांतून दुसरी वाटही फुटली. योहान लावाटर नावाचा झुरिकचा एक पाद्री होता. त्याचं म्हणणं, चेहऱ्याच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव वाचता येतो, आणि त्यासाठी सावलीची रेषा उत्तम. १७७५ पासून त्याचे जाडजूड ग्रंथ निघाले. सावली नीट पडावी, डोकं हलू नये म्हणून खास खुर्चीचं चित्रही त्यात आहे. कपाळ असं तर बुद्धी तशी, नाक असं तर नीती तशी. याला कसलाही आधार नव्हता, पण ते छापलेलं होतं, सचित्र होतं आणि ऐकायला शास्त्रीय वाटत होतं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं.

दोन कॅमेरे

१८३९ साली फोटोग्राफी जगासमोर आली. इथून दोन माणसांना आपण शेजारी शेजारी ठेवू.

पहिली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५, कलकत्ता. वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. त्या वयात बाईने काच, रसायनं, काळे पडलेले हात, हे सगळं पत्करलं. तेव्हा ती इंग्लंडजवळच्या वाईट बेटावर राहायची. (बेटाचं नाव वाईट आहे, बेट चांगलं आहे.) १८६७ मध्ये तिने आपल्या भाचीचे, ज्युलिया जॅक्सनचे फोटो काढले. ही पुढे व्हर्जिनिया वुल्फची आई. त्यातला एक पूर्ण बाजूने आहे. मागे काळोख, एका बाजूने उजेड, ताणलेल्या मानेची शीर दिसतेय, आणि नजर चौकटीबाहेर कुठेतरी. आपल्याकडे नाही.

थोडं तांत्रिक सांगतो, राहवत नाही. तेव्हाच्या काचेच्या प्लेटला उजेड फार लागायचा. पोझ काही मिनिटं धरून ठेवावी लागे. भिंग पूर्ण उघडं ठेवलं की अगदी थोड्या खोलीतलंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर होतं. समोरून फोटो काढला तर नाक आणि कान कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर असतात. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर. पण बाजूने बसवलं की कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही सगळी रेषा साधारण एकाच अंतरावर येते. शिवाय जवळून काढलेल्या सेल्फीत नाक भज्यासारखं येतं, ती अडचण इथे नाही. आणि बसणाऱ्याला काही मिनिटं भिंगाच्या डोळ्यात डोळा घालून थांबावं लागत नाही. त्याला आपल्या विचारात राहता येतं.

दुसरा माणूस अल्फोन्स बेर्तिलों. १८७९ साली पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात तो साधा कारकून म्हणून लागला. पोलिसांकडे गुन्हेगारांच्या फोटोंचे ढीग होते, पण कुणी दाढी वाढवलेला, कुणी तोंड वाकडं केलेला, कुणी स्टुडिओत काढल्यासारखा टेकून उभा. पकडलेला माणूस खोटं नाव सांगतोय का, हे त्या ढिगातून शोधायचं कसं? बेर्तिलोंने शरीराची ठरावीक मापं घ्यायची पद्धत आणली आणि १८८३ च्या सुरुवातीला त्या पद्धतीने पहिला जुना गुन्हेगार पकडला गेला. पुढे त्याने फोटोही बांधून टाकले. एक समोरून, एक उजव्या बाजूने. ठरलेलं अंतर, ठरलेला उजेड, ठरलेली खुर्ची.

बाजूचा फोटो कशाला? त्याचं तर्कशास्त्र पक्कं होतं. समोरचा चेहरा हसतो, रडतो, सोंग आणतो. कपाळाचा उतार, नाकाचा बाक आणि कान यांना सोंग आणता येत नाही. कानावर तर त्याचा भारी विश्वास. माझ्यासारख्या इंजिनिअरला याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. इनपुट एकसारखं केल्याशिवाय तुलना होत नाही, हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. त्याने स्वतःचंही असं कार्ड काढलं. आपल्या दोन वर्षांच्याही नसलेल्या पुतण्याचं काढलं. १८९३ मध्ये प्रयोगशाळा बघायला आलेल्या फ्रान्सिस गाल्टनला खुर्चीवर बसवून त्याचंही काढलं.

या कानाची एक गंमत. अमेरिकेत राहणारे तुमचे कुणी काका-मामा असतील आणि त्यांनी २००४ च्या आधी ग्रीन कार्डासाठी अर्ज केला असेल, तर त्यांना विचारा. त्या फोटोत चेहरा थोडा वळवून उजवा कान दाखवावा लागायचा. कानातलं काढा, केस मागे घ्या. २००४ मध्ये तो नियम बदलला आणि समोरचा फोटो आला.

तर दोन्ही कॅमेऱ्यांसमोर पोझ तीच आहे. डोकं स्थिर, नजर बाजूला, उजेड ठरलेला. मग फरक काय? कॅमेरॉनने घेतलेली बाजू हा एक निर्णय आहे: या चेहऱ्याची ही बाजू, आज, या उजेडात. बेर्तिलोंच्या कार्डावर बाजू कोणती हे बसणाऱ्याकडे बघायच्या आधीच ठरलेलं आहे. आमचे आजोबा त्या खुर्चीत बसले असते तर गेलेला डोळाच पुढे आला असता, आणि तो त्यांच्या वर्णनात पहिला मुद्दा झाला असता.

चौकटींचा पडदा

बेर्तिलोंकडे निदान एक खरा प्रश्न होता. काही ठिकाणी प्रश्नच वाईट होता. इथे मात्र मी बेटाची गोष्ट करत नाहीये.

१८६९ मध्ये लंडनमध्ये जॉन लॅम्प्रे नावाच्या माणसाने एक युक्ती सुचवली. लाकडी चौकटीवर दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणायचे, त्यापुढे माणसाला उघडं उभं करायचं, समोरून आणि बाजूने फोटो घ्यायचा. म्हणजे वेगवेगळ्या 'वंशां'ची शरीरं मोजून ताडून बघता येतील. आपल्या अंदमानात १८९० च्या दशकात मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने अंदमानी लोकांचे असे फोटो ब्रिटिश म्युझियमसाठी काढले. मागे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पडदा, पुढे माणूस. समोरून एक, बाजूने एक.

ते फोटो बघताना मला पडद्याचाच राग येतो. ज्युलिया जॅक्सनच्या मागे काळोख आहे, त्यामुळे आपण तिच्याकडे बघतो. इथे मागे मोजपट्टी आहे, त्यामुळे नजर आपोआप घरं मोजायला लागते. आणि या माणसांना "जरा खिडकीकडं बघा" असं कुणी म्हणालं नव्हतं.

डोकी मोजण्याच्या या नादाला आपल्याकडच्या एका बाईने उत्तर दिलं, तेही त्या नादाच्या बालेकिल्ल्यात बसून. 'युगांत'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. कवटीची डावी-उजवी बाजू कुणाचीच तंतोतंत सारखी नसते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. त्यांचा अंदाज असा की गोऱ्या लोकांच्या कवटीत हा फरक जास्त असणार, आणि त्याचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी असणार. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. असा वंशाचा फरक मिळाला नाही. त्यांनी तसं प्रबंधात लिहिलं.

जरा कल्पना करा. विशीतली मुलगी, परका देश, परकी भाषा, आणि मार्गदर्शकाच्या आवडत्या सिद्धांताला आपला डेटा साथ देत नाही. मी ऑफिसात मॅनेजरचा ग्राफ चुकलाय हे सांगायला दोन दिवस घेतो.

सरासरी चेहरा

आता गाल्टनकडे परत येऊ, कारण माझा उद्योग त्याच्याशी जोडलेला आहे.

बेर्तिलोंच्या खुर्चीत बसायच्या बरीच वर्षं आधी, १८७० च्या दशकाच्या शेवटी, गाल्टनने एक प्रयोग केला होता. कैद्यांचे अनेक फोटो घेतले आणि एकाच प्लेटवर एकावर एक छापले, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देऊन. त्याला बघायचा होता 'गुन्हेगाराचा चेहरा'. निघालं काय? खुणा, व्रण, वाकडेपण, सगळं एकमेकांत विरघळलं. उरला एक गुळगुळीत, बरा दिसणारा माणूस. मूळ माणसांपेक्षा बरा! हे त्याने स्वतःच नोंदवलं. आणि असा माणूस कुठेच अस्तित्वात नव्हता.

माझ्या कामात चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलशी माझा संबंध येतो. अशा मॉडेलना समोरचे चेहरे भरपूर पाहायला मिळालेले असतात, बाजूचे कमी. त्यामुळे बाजूचा चेहरा आला की त्यांची अडचण होते. त्यावर एक उपाय म्हणजे बाजूच्या चेहऱ्यावरून समोरचा चेहरा तयार करायचा. न दिसणारा अर्धा भाग मॉडेल अंदाजाने भरतं. तंत्र म्हणून सुंदर आहे.

आजोबांच्या दहाव्याच्या आदल्या रात्री मी तो फोटो स्कॅन केला आणि मॉडेलला दिला. मिनिटभरात आजोबा माझ्याकडे सरळ बघत होते. टोपी तीच, सदरा तोच. डोळे दोन. मला, खोटं कशाला बोलू, भरून आलं. सकाळी प्रिंट आणून आधी आजीला दाखवली.

आजीने चष्मा लावला. प्रिंट उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, "हा उजवा डोळा कुणाचा बसवलास रे ह्यांना?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं केलाय, आजी." तिने मान हलवली. रागावली वगैरे नाही. प्रिंट माझ्या हातात परत दिली आणि भाजी निवडायला बसली.

प्रश्न अगदी नेमका होता. तो डोळा कुणाचा होता? लाखो चेहरे पाहून झालेल्या सरासरीचा. गाल्टनच्या प्लेटवरच्या त्या गुळगुळीत माणसाचा. तो डोळा कधी मागापुढे उभा राहिला नव्हता, त्याला धोटा लागला नव्हता. आजीने जवळजवळ पन्नास वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याचा उजवा डोळा मिटलेला होता. तो मी परस्पर उघडला. आणि का, तर नातेवाईक म्हणाले चेहरा अर्धा आहे.

बाजूचा फोटो अर्धा असतो, हे खरं आहे. पण तो तसं कबूलही करतो. पलीकडे अजून एक बाजू आहे आणि ती मी तुम्हाला दाखवलेली नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. कुणाला किती दाखवायचं हे त्या माणसाने ठरवलेलं असतं, किंवा त्याच्या वतीने एखाद्या शहाण्या फोटोग्राफरने. उरलेलं भरून काढायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता.

आता भिंतीवर तोच जुना फोटो आहे, मोठा करून. आजीने जागा स्वतः निवडली. असा लावलाय की आजोबा दाराकडे बघतायत. कोण आलं, कोण गेलं, लक्ष ठेवल्यासारखे.

जाता जाता एक सुचवतो. घरात कुणी फोटोला लाजणारं असेल, "माझा नको" म्हणून उठून जाणारं, तर एकदा त्यांना खिडकीशी बसवा. तुम्ही सहा-सात फूट मागे जा, मोबाइल त्यांच्या कानाच्या उंचीला धरा, जवळच्या डोळ्याच्या पापणीवर फोकस ठेवा. कोणती बाजू ते त्यांनाच विचारा. आणि "स्माइल प्लीज" म्हणू नका. खिडकीबाहेर काय चाललंय ते विचारा.

असा फोटो काढलात तर कसा झाला ते मला जरूर कळवा. फोटो पाठवायची गरज नाही, तो तुमच्या घरात राहू द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!